सेक्रेटरीच्या शोकेसमधलं पदक

आधी नाव लिहितो. इंदुमती सावंत. राहायला मुलुंडला, डोंगराच्या अंगाला असलेल्या चाळीत. मूळची मालवणकडची. चार घरी पोळ्या करणारी बाई. आम्ही सगळे तिला इंदूमावशी म्हणायचो. आयुष्यात मला शिकलेली माणसं पुष्कळ भेटली, हुद्द्याची भेटली, देवभोळी भेटली. पण कुणी मदत केली असं विचारलं तर मला हे एकच नाव घेता येतं. म्हणून ते सगळ्यात वर.

आता झालं ते.

मे महिना होता, दुपारचे चार. मी कोल्ड्रिंकचा क्रेट खांद्यावर घेऊन तीन मजले चढलो. चपला दाराबाहेर काढल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांच्या हॉलमध्ये पाहुणे बसले होते. साहेबांच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडचे घर बघायला आले होते. नवा रंगीत टीव्ही, त्याच्या शेजारी शोकेस. शोकेसमध्ये काचेच्या बाहुल्या, कुठल्या तरी स्पर्धेचा कप, आणि मधोमध एक फ्रेम. लाल मखमलीवर पदक.

माझं पदक.

साहेब फ्रेमवर बोट ठेवून पाहुण्यांना सांगत होते, "हे आमच्या धाकट्या काकांचं. एकाहत्तरची लढाई. शौर्यपदक आहे."

मी दारात. खांद्यावर चोवीस बाटल्या. साहेबांनी वळून मला पाहिलं. माणूस निदान दचकतो. हे दचकले नाहीत. मला म्हणाले, "बाटल्या आत ठेव. आणि लादीवर पाय उमटवू नकोस."

मी पाय उमटणार नाहीत असा चाललो. टाचा उचलून. पंधरा वर्षं सैन्यात टाच आपटून चालायला शिकलेला माणूस.

हे पदक तिथं कसं गेलं ते सांगायला हवं. त्यात माझाही मूर्खपणा आहे, तो लपवणार नाही.

मी माण तालुक्यातला. सहावी अर्धी सोडली. गुरुजी आमच्या वस्तीतल्या पोरांना दाराशेजारी बसवायचे, तिथून फळा दिसायचा नाही, पण शाळा सोडायला हे कारण नव्हतं. घरात खायला नव्हतं, हे कारण होतं. अठरावं लागलं तसा भरती झालो. काम तार ओढायचं. टेलिफोनच्या तारेचं रीळ पाठीवर घ्यायचं आणि पुढच्या ठाण्यापर्यंत पळत न्यायचं. लढाईत पूर्वेकडे होतो. नद्या, चिखल, पुन्हा नदी. एकदा तार तुटली म्हणून आम्ही दोघं जोडायला गेलो, मी आणि दत्तू म्हणून एक सांगलीचा. तोफगोळा पडला. दत्तू तिथंच राहिला. माझा डावा कान गेला. उजव्या हातानं मी तार जोडली, कारण तेवढंच काम मला येत होतं.

त्याचं कुणी शौर्यपदक दिलं नाही. जे पदक मिळालं ते त्या भागात जे जे होते त्या सगळ्यांना मिळालं. स्वयंपाक्याला मिळालं, ड्रायव्हरला मिळालं. सेवेचं पदक. तू तिथं होतास, एवढंच ते म्हणतं. मला ते तेवढ्यासाठीच प्यारं होतं. साहेबांना धड खोटंही बोलता येत नव्हतं. चोरलेल्या वस्तूचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

पंधरा वर्षं भरली आणि घरी आलो. गावात जमीन नाही. बायकोला आणि पोरींना गावी ठेवून मुंबईला आलो. एका सिक्युरिटी एजन्सीनं मुलुंडच्या या सोसायटीवर लावलं. बँकेतले, कॉलेजातले, सरकारी कचेरीतले लोक. सेक्रेटरीसाहेबांनी मला गेटजवळची केबिन झोपायला दिली. एजन्सीच्या नियमात ते नव्हतं. एक जुनी पॅन्ट दिली, एक सतरंजी दिली, दिवाळीला चकल्यांचा चुरा दिला. आणि मी भारावलो. खोटं कशाला बोलू. सकाळी त्यांची स्कूटर मी न सांगता पुसायचो. त्यांच्या बायकोची गव्हाची गोणी गिरणीत न्यायचो. त्यांचा धाकटा मुलगा मला बहिऱ्या म्हणायचा, त्यालाही मी हसायचो. डाव्या बाजूनं हाक मारायचा आणि मी वळलो नाही की मित्रांना दाखवायचा, "बघ, बहिऱ्याचं स्टेशन लागत नाही."

मला सारखी भीती वाटायची. केबिन जाईल, नोकरी जाईल, गावी कुठल्या तोंडानं जाऊ. भित्र्या माणसाला उपकार फार मोठे दिसतात. तेव्हा हे कळत नव्हतं.

पुढच्या जानेवारीत साहेबांना कुठून तरी कळलं की वॉचमन लढाईत होता. सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी केबिनशी आले. "तुझं मेडलबिडल काही आहे का रे? असेल तर लावून ये उद्या. पोरांना जरा स्फूर्ती."

मला आनंद कुठं ठेवू असं झालं. ट्रंक उघडली तर पदकाची रिबीन उंदरानं कुरतडलेली. सकाळी सहाला इंदूमावशी कामावर यायची. तिचा नवरा कापडगिरणीत होता, संप सुरू होऊन वर्ष झालं होतं, तो घरी बसून होता. तिच्या पिशवीत सुईदोरा असायचाच. ती केबिनच्या पायरीवर बसली, रिबिनीचा फाटका भाग आत दुमडून शिवला. निळा दोरा नव्हता म्हणून पांढऱ्यानं शिवला. शिवताना एवढंच विचारलं, "ह्यासाठी कान गेलो?"

"ह्याच्यासाठी नाही मावशी. तार जोडताना."

"मगे ह्यां कित्याक दिल्यानी?"

ती दोरा दातानं तोडून कामाला निघून गेली.

झेंडावंदन झालं. मी सलाम केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटं मी माणसात होतो. मग साहेब म्हणाले, "दे इकडे, सगळ्यांना बघू दे." पदक हातोहात फिरलं. मी तोवर खुर्च्या आत नेल्या, चहाचे कप गोळा केले. परत आलो तर पदक साहेबांच्या खिशात.

"अरे, असं ट्रंकेत गंजत ठेवायची वस्तू आहे का ही? मी फ्रेम करून देतो तुला. माझ्या ओळखीचा आहे एक पाचरस्त्याला."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "उपकार झाले साहेब."

फेब्रुवारीत एकदा विचारलं. "देईन रे. फ्रेमवाला गावी गेलाय." मार्चमध्ये पुन्हा विचारलं. तेव्हा जिन्यातच थांबले. "सारखं काय मागतोस? खाणार आहे का मी ते? विश्वास नसेल तर सांग तसं." मी म्हणालो, तसं नाही साहेब. त्या दिवसापासून विचारणं बंद केलं. माझीच वस्तू मागितली आणि मलाच अपराधी वाटत राहिलं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण आहे, त्यांना हे फार छान जमतं.

एप्रिलच्या शेवटी इंदूमावशी गेटशी थांबली. इकडेतिकडे बघून माझ्या उजव्या बाजूला आली. चांगल्या कानाशी येऊन बोलणारी सोसायटीत ती एकटीच.

"अरे, तुझा पदक तेंच्या शोकेसात आसा. काचेत. येतत-जातत तेंका काकाचा म्हणान दाखयतत."

"नाही मावशी. साहेब तसे नाहीत."

"माका खोटा सांगून काय गावतला?"

"फ्रेम करून आणली असेल. देतील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. किळस आल्यासारखं.

"लढायेत गेललंस ना तू? मगे हय कित्याक घाबरतंस?"

आणि गेली. मी गेटवर उभा राहिलो. एक गाडी आली, मी सलाम केला.

तरी मी वर गेलो नाही. पंधरा दिवस नाही. सेक्रेटरी खोटं बोलतो हे मानलं तर त्यानं दिलेली केबिन, सतरंजी, चुरा, सगळंच संशयाचं होतं. ते मानायला माझ्यात दम नव्हता. मग ते पाहुणे आले आणि मला क्रेट घेऊन वर बोलावलं गेलं. बाकीचं सुरुवातीला सांगितलंच.

बाटल्या स्वयंपाकघरात ठेवल्या. इंदूमावशी तिथं पुऱ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही. मी परत हॉलमधून निघालो, टाचा उचलूनच, दारापर्यंत पोचलोही. मुलीचे वडील साधे गृहस्थ दिसत होते, रेल्वेतून रिटायर झालेले. फ्रेम हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काकांचं नाव काय म्हणालात?"

साहेबांनी नाव सांगितलं. स्वतःचं आडनाव जोडून.

"आणि परत आले का ते?"

"नाही," साहेब म्हणाले. आवाज बारीक केला. "तिकडेच राहिले."

त्या क्षणी माझ्या डोळ्यापुढं दत्तू आला. चिखलात राहिलेला खरा माणूस. आणि इथं पंख्याखाली बसून, आयुष्यात रबरी शिक्क्यापेक्षा जड काही न उचललेला हा माणूस, मुलाचं लग्न जमावं म्हणून एक मेलेला माणूस तयार करत होता. माझ्या पदकावर.

मी वळलो. टाच टेकवली.

"ते काका कुठले नाहीत," मी म्हणालो. "ते माझं पदक आहे."

साहेब हसले. "हा आमचा वॉचमन. ऐकायला कमी येतं, काहीतरी भलतंच ऐकतो."

"फ्रेम उघडा. पदकाच्या काठावर वाचा."

"जा रे खाली. गेटवर कोण आहे?"

"काठावर वाचा, साहेब."

सैन्यात नव्या पोरालाही ठाऊक असतं हे. बिननावाचं पदक कुणालाच मिळत नाही. त्याच्या काठावर, जाडीवर, बारीक इंग्रजी अक्षरात ज्याचं पदक त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. नवीन पदक हातात आलं की जवान पुढचा छाप बघत नाही, आधी काठ फिरवून आपलं नाव बघतो. सेक्रेटरीसाहेबांनी चार महिने ते जवळ ठेवलं, मखमल आणली, फ्रेम केली, काच पुसली. काठ काही फिरवून पाहिला नाही. बघायची गरजच काय? समोरून चकाकलं की यांचं काम झालं.

मी माझा नंबर म्हटला. इंग्रजीत, एकेक आकडा तोडून, जसा पंधरा वर्षं म्हणत आलो. मग हुद्दा. मग नाव.

मुलीच्या वडिलांनी चष्मा लावला. फ्रेम उलटी केली, मागचे चार खिळे वाकवले, पदक बाहेर काढलं. साहेब म्हणत होते, अहो कशाला, राहू द्या. ते थांबले नाहीत. रेल्वेतला माणूस, आकडा दिसला की तपासणारच. काठ फिरवत मोठ्यानं वाचू लागले. आकडे जुळले. हुद्दा जुळला. नाव वाचलं. आडनावापाशी थांबले. ते वाचलं नाही. तोंड मिटलं आणि माझ्याकडं पाहिलं.

ती थांबण्याची पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे.

टीव्हीवरच्या फुलदाणीकडं सगळे असे बघत होते, जसं काही ती आत्ताच आणली होती.

मग सेक्रेटरीसाहेबांना सूर सापडला. "हां, मग याचंच असेल. काकांचं आतल्या कपाटात आहे, हिनं चुकून हे लावलं. आम्ही सांभाळायला ठेवलं होतं हो. नाहीतर ही माणसं विकून टाकतात आणि दारू पितात."

ही माणसं. मी दारूला कधी हात लावला नाही. पण ते सांगायलाही लाज वाटली, कारण ते सांगणं म्हणजे त्याच्या कोर्टात उभं राहणं होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "ह्यो दारू पिणारो माणूस न्हय."

इंदूमावशी. हात कणकेनं भरलेले. "पदक ह्याचाच. तुमका म्हायत आसा, माका म्हायत आसा. सव्वीस जानेवारीक रिबीन मिया शिवलंय. पांढऱ्या दोऱ्यान. माझो टाको आसा, बघा." आणि पाहुण्यांकडं वळून शुद्ध मराठीत म्हणाली, "यांचे कुणी काका लढाईत मेलेले नाहीत. आठ वर्षं मी या घरात पोळ्या करते. धाकटे काका ठाण्याला असतात, गणपतीत जेवायला येतात."

मुलीच्या आईनं पदर तोंडाला लावला.

सेक्रेटरीबाई उठल्या. "तुला कुणी विचारलं? खायचं आमचं आणि बोलायचं कुणासाठी, तर याच्यासाठी? लाटणं ठेव. उद्यापासून येऊ नकोस. आणि बिल्डिंगमध्ये दुसरीकडे कशी कामं करतेस तेही बघते मी."

मावशीनं हात झाडले. माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

मला तेव्हा बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की या बाईला काढू नका, ती खरं बोलली. मला स्वतःचा नंबर म्हणता आला होता. तिच्यासाठी एक वाक्य म्हणता आलं नाही. माझं लक्ष पदकाकडं होतं. ते मिळेल की नाही याच्याकडं.

मिळालं. मुलीच्या वडिलांनी दिलं. मी तळहात पुढं केला तर त्यांनी रिबिनीचं टोक चिमटीत धरून, वीतभर उंचावरून पदक माझ्या हातात सोडलं. खरं वाचणारा तोच, वरून टाकणाराही तोच. त्याचे मी आभार मानले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही दिल्यावर मी आभार मानले नाहीत.

जिना उतरलो. चपला वरच राहिल्या. परत आणायला गेलो नाही.

त्याच संध्याकाळी मी केबिनमधून ट्रंक काढली. साहेब गेटशी येऊन म्हणाले, "उपकार विसरलास." मी म्हणालो, "पॅन्ट खिळ्याला टांगली आहे. सतरंजी घडी घालून ठेवली आहे. चुरा खाल्ला, तो देता येत नाही." एजन्सीनं मला माहुलच्या रस्त्यावर एका गोदामाला लावलं. तिथं गॅसचा वास येतो, घसा जळतो. पण तिथं कुणी चकल्यांचा चुरा देत नाही, हे बरं.

साहेबांच्या मुलाचं लग्न जमलं. मुलीकडच्यांनी होकार दिला. एवढं खोटं ऐकूनही दिला, आणि मला त्याचं जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. दोन्ही घरांना एकमेकांचं नीट कळलं होतं. हॉलमध्ये एक वॉचमन आणि एक पोळीवाली जास्त बोलली, एवढीच काय ती अडचण. ती त्यांनी दूर केली.

इंदूमावशीची चारही घरं आठवड्यात गेली. सेक्रेटरीबाई दारोदार फिरल्या. बाई चोरट्या हाताची आहे, घरातल्या गोष्टी बाहेर सांगते. बाकीच्या तिघींनीही एका शब्दानं विचारलं नाही की खरं काय. आठ वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिचं एक वाक्य ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता. नवऱ्याची गिरणी उघडलीच नाही. ती आता भांडुपला एका खानावळीत सकाळपासून पोळ्या लाटते. धुरात. डोळे सुजलेले असतात.

महिन्या दोन महिन्यांनी मी तिच्याकडं जातो. ती चहा करते, पोरींचं विचारते. त्या दिवसाबद्दल बोलत नाही. एकदाच बोलली. स्टोव्हला पंप मारता मारता, माझ्याकडं न बघता.

"तू तेवा माझ्यासाठी एक शबुद बोलूक नाय."

मी म्हणालो, "नाही मावशी."

"मिया वाट बघी होतंय," ती म्हणाली. मग चहात साखर घातली.

तोफगोळ्यानं माझा एक कान नेला. या वाक्यानं दुसरा उघडला. सेक्रेटरीचा मला तिटकारा आहे, पण त्याची मी फार काळजी करत नाही. असली माणसं दर बिल्डिंगमध्ये दोन असतात. माझा तिटकारा जास्त करून त्या माणसाचा आहे, जो पदक मुठीत धरून जिना उतरला आणि मागं एका बाईला एकटी सोडून आला. सैन्यात असल्या माणसाला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तो शब्द इथं लिहीत नाही, कारण माझ्या पोरी वाचतील. पण तो माझा आहे, एवढं मान्य करतो.

म्हणून ठरवलं आहे. झेंडा असो, लग्न असो, साहेब असो, कुणाच्या शोभेसाठी मी उभा राहणार नाही. कुणी काही दिलं तर आधी विचारीन, बदल्यात काय पाहिजे. आणि माझ्यासमोर कुणी कष्टाच्या माणसाला खोटं पाडलं, तर तिथल्या तिथं बोलेन. घरी जाऊन मनात नाही. चार दिवसांनी नाही. नोकरी जाईल, जाऊ दे. नोकरी गेल्यावर माणूस मरत नाही, हे मी पाहिलं आहे. गप्प बसल्यावर काय होतं तेही पाहिलं आहे.

इंदुमती सावंत, हे मी लिहिलं म्हणजे फेडलं, असं मी समजत नाही. कागदावर बोलायला काही लागत नाही. त्या चार घरांच्या मालकिणी अजून तिथंच राहतात. मी एकेकीच्या दारात जाऊन, तुमचं पूर्ण नाव घेऊन सांगणार आहे की तुम्ही खरं बोललात आणि त्यांनी तुम्हाला त्यासाठी काढलं. दार लावून घेतलं तर बाहेरून सांगेन. अजून माझे पाय त्या गल्लीशी जाऊन दोनदा परतले आहेत, हेही तुम्हाला कळू दे. पण एक दिवस परतणार नाहीत.